दादांना वाळवंटाबद्दल कोण सांगणार?

पत्र

ताई,

आम्ही शारजात राहतो. नवऱ्याने मध्यंतरी एक जुनी पण धडधाकट फोर बाय फोर घेतली आणि आम्ही इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपबरोबर वाळवंटात जाऊ लागलो. थंडीच्या दिवसांत दहा-बारा गाड्या निघतात. सगळ्यात पुढे नेहमी एक दादा असतात. मनाने फार मोठा माणूस. आम्ही नवीन आलो तेव्हा घर शोधण्यापासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळी मदत त्यांनीच केली. पण वाळूत शिरले की त्यांचं भान सुटतं. झुडपं दिसली की मुद्दाम त्यांच्यावरून गाडी उडवतात. मागच्या वेळी तीन हरणं दिसली, तर व्हिडिओसाठी चार गाड्या त्यांच्यामागे लावल्या. जेवण झाल्यावर निखारे आणि उरलंसुरलं वाळूतच पुरलं. परत येताना आमची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आई, ती हरणं आता कुठे गेली असतील?’

दादांशी बोलायला हवं असं मला वाटतं. नवरा म्हणतो, ‘वाळवंटच आहे ते, उद्या वाऱ्याने सगळं पुसलं जाईल. उगाच संबंध बिघडवू नकोस.’ पुढच्या महिन्यात अबू धाबीतल्या लिवाच्या वाळवंटात मुक्कामी जायचं ठरतंय. जावं का? आणि बोलायचं तर कसं?

– शारजातील एक वाचक

उत्तर

बोलायलाच हवं, आणि तेही लिवाला निघण्याआधी. कसं बोलायचं त्याकडे येतेच, पण आधी तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. कारण ते निम्मं खरं आहे, आणि अशा अर्ध्या खऱ्या गोष्टीच वादात भारी पडतात.

उघड्या, मऊ वाळूच्या टेकडीवर गाडीचे माग खरोखरच टिकत नाहीत. जोराचा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी टेकडी पुन्हा कोरी. तिथे गाडी चालवायची हौस भागवायला माझी काहीच हरकत नाही. पण वाळवंट म्हणजे नुसत्या टेकड्या नव्हेत. दोन टेकड्यांमधले सपाट पट्टे, बारीक खडीची मैदानं, सबखा म्हणजे मिठाची सपाट दलदल, हे सगळं वाळवंटच, आणि इथे वारा काही पुसत नाही. खडीच्या मैदानावर वरचा थर हलका घट्ट झालेला असतो, खालच्या मातीला तोच धरून ठेवतो. चाकाने तो फुटला की माती मोकळी होते आणि उडायला लागते. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियाच्या मोजावे वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला होता. त्या रणगाड्यांचे माग तिथे आजही दिसतात. तेव्हा ‘वारा पुसेल’ हे टेकडीच्या माथ्यावर ठीक आहे. पायथ्याशी उतरलात की ते लागू नाही. आणि झाडंझुडपं, बिळं, चरणारी जनावरं असतात ती बहुतेक पायथ्याशीच.

आता ती झुडपं. पुढच्या वेळी एखाद्या झुडपापाशी गाडीतून उतरून दोन मिनिटं बसून बघा, नवऱ्यालाही बसवा. झुडपाच्या बुडाशी वाळूचा एक छोटा उंचवटा साचलेला असतो आणि वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला त्या वाळूची निमुळती शेपटी गेलेली असते. वाऱ्याबरोबर आलेली वाळू झुडपाने अडवली, झुडूप वाढलं, उंचवटा वाढला, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. त्या सावलीत पडलेलं बी रुजतं. उंचवट्याच्या कडेला बोटभर भोक दिसेल, ते उंदराचं किंवा सरड्याचं घर. दादा गाडी उडवायला जो उंचवटा वापरतात तो हाच. झुडूप मोडलं की वाळूला धरायला कोणी उरत नाही. उंचवटा विरतो आणि त्याच्याबरोबर सगळं बिऱ्हाड जातं. इथे पाऊस इतका थोडा की तेच झुडूप पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं लागतात, आणि उंटांनी मान घातली तर तेवढ्यातही राहत नाही.

या झाडांत एक तर आपल्या घरातलंच आहे. इथलं घाफ म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती शमी, राजस्थानातली खेजडी, सगळी एकाच जातीची झाडं. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई माणसांनी झाडांना मिठी मारून जीव दिला. अमिरातीचं हे राष्ट्रीय झाड, २०१९ चं सहिष्णुता वर्ष इथे साजरं झालं ते घाफचंच चिन्ह घेऊन. त्याची मुळं तीस मीटरपर्यंत खोल जातात, म्हणूनच बाकी सगळं करपलं तरी ते हिरवं राहतं. मोठं घाफ सगळ्यांना ओळखू येतं. घात होतो तो लहानाचा. उंट सतत खुडत राहिल्यामुळे घाफचं रोप वर्षानुवर्षं गुडघ्याएवढं, काटेरी, पसरट राहतं. कोणालाही वाटावं की हे कसलंसं फालतू काटेरी झुडूप आहे. त्याच्यावरून चाक गेलं की पन्नास वर्षांनी ज्या सावलीत कोणी बसलं असतं, ती सावली गेली. सावलीसाठी सगळ्या गाड्या मोठ्या घाफखाली लावण्याची जी पद्धत पडली आहे तीही सोडा. झाडाखालची जमीन चाकांनी दाबली जाते आणि तिथे उगवलेलं एकही रोप वाचत नाही. माणसांनी सावलीत खुशाल बसावं, गाड्या लांब मोकळ्या वाळूत लावाव्यात.

रुईसुद्धा तुम्हाला तिथे जागोजागी दिसली असेल. शनिवारी मारुतीला आपण जिची माळ घालतो तिचीच सख्खी बहीण. मुलीला दाखवा.

हरणांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण या प्रकाराला मला कोणतीच सबब मान्य नाही. वाळवंटातलं हरीण बहुतेक पाणी झाडपाल्यातून मिळवतं आणि थेंब थेंब राखून जगतं. गाडी मागे लागली की ते जीव तोडून पळतं, अंग तापतं, आणि गाडी थांबली म्हणजे ते सावरलं असं होत नाही. अशा पाठलागानंतर जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दगावतं. व्हिडिओत ते दिसत नाही. अरबी ओरिक्सचं, म्हणजे लांब शिंगांच्या त्या पांढऱ्या वाळवंटी प्राण्याचं, काय झालं ते दादांना जरूर सांगा. हजारो वर्षं या वाळूत टिकलेला हा प्राणी गाड्या आणि बंदुका एकत्र आल्यावर काही दशकांत संपला. १९७२ मध्ये ओमानमध्ये मोकळ्या रानातले शेवटचे ओरिक्स मारले गेले. मग प्राणिसंग्रहालयांतले ओरिक्स वाढवून १९८२ पासून पुन्हा रानात सोडायला सुरुवात झाली. आज दुबईच्या संरक्षित वाळवंटात ते दिसतात, त्यामागे एवढी मेहनत आहे. तुमच्या ग्रुपच्या हातात बंदूक नव्हती हे मला माहीत आहे. पण मागे लागलेली गाडी काय ठरवून आली आहे हे त्या हरणाला कसं कळावं? हरीण दिसलं की जिथे असाल तिथे थांबायचं, इंजिन बंद करायचं, दुर्बीण असेल तर काढायची. ते आपल्या वाटेने गेल्यावर आपण निघायचं.

निखाऱ्यांचं थोडक्यात सांगते. वाळू उष्णता धरून ठेवते, त्यामुळे पुरलेले निखारे वरून काही दिसत नसताना आत तासन् तास धगधगत राहतात. अनवाणी पळणारं पोर किंवा रात्री तिथून जाणारा उंट त्यावर पाय देतो. शेगडी जमिनीपासून उंच असलेली घ्या, कोळसा घरून न्या, पाणी ओतून पूर्ण विझवा आणि पत्र्याच्या डब्यात भरून परत आणा. वाळलेल्या फांद्या तोडून जाळायच्या नाहीत. ती लाकडं तिथल्या किड्यामुंग्यांची आहेत. आणि ‘उरलंसुरलं पुरलं’ यात पिशव्या असतील तर ते फार वाईट. वारा पिशवी उकरून काढतो आणि उंट ती खातो. दुबईच्या मध्यवर्ती पशुवैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत तपासलेल्या मेलेल्या उंटांपैकी ३०० हून अधिक उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे गोळे निघाले, त्यातला एक ६४ किलोचा होता. उंटाला पोट भरल्यासारखं वाटत राहतं आणि तो उपाशी मरतो. संत्र्याच्या साली, ओले टिश्यू, मुलांचे डायपर, सगळं परत आणायचं. त्या कोरड्या हवेत काही लवकर कुजत नाही. चालत्या गाडीतून कचरा टाकला तर इथे १,००० दिरहम दंड आणि लायसन्सवर सहा ब्लॅक पॉइंट आहेत हेही ग्रुपमधल्या सगळ्यांच्या कानावर असू द्या. काहींना तेवढंच पटतं.

आता दादांशी कसं बोलायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात नाही. तिथे चार जण अंगठा दाखवतील, दोन जण टिंगल करतील आणि दादांना चारचौघांत आपला पाणउतारा झाल्यासारखं वाटेल. दोघांनी मिळून त्यांच्या घरी चहाला जा. आणि पर्यावरणावर भाषण देऊ नका, ड्रायव्हिंगबद्दल बोला. जो माणूस दहा-बारा गाड्या आपल्या जबाबदारीवर वाळूत नेतो, त्याला या बोलण्याचा मान राखावाच लागतो.

कारण गंमत अशी आहे की वाळवंटाला ज्याने धक्का पोहोचतो, त्यानेच तुमचा ताफाही धोक्यात येतो. दादांना एवढंच विचारा: चार गाड्या रांग सोडून हरणांमागे गेल्या तेव्हा सगळ्यात मागची गाडी कोणाच्या आरशात होती? ताफ्याचा पहिला नियम हाच ना, की प्रत्येकाने मागच्या गाडीवर डोळा ठेवायचा, ती दिसेनाशी झाली की थांबायचं, आणि पुढची गाडी माथा ओलांडून ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत आपण चढायचं नाही. माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नसतं. तिथे समोरून येणारी गाडी असू शकते, कोणाचा तंबू, खेळणारी मुलं, उंटांचा कळप असू शकतो. हरणामागे धावणाऱ्या चार ड्रायव्हरांपैकी कोणाचंही लक्ष त्याकडे नव्हतं.

झुडपांचंही तेच. वाळूसाठी तुम्ही टायरमधली हवा ३५ वरून १५ पीएसआयवर, कधी १२ वर आणता. अशा वेळी टायरची बाजू फुगून जमिनीला टेकायला आलेली असते, आणि मोडलेल्या झुडपाचा वाळका खुंट नेमका तिथे घुसतो. बाजू फाटलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. गाडीच्या पोटाखाली अडकलेलं वाळलं गवत सायलेन्सरला लागून पेट घेतं. दादांनी असे प्रकार पाहिलेले असणारच, पण झुडपांवरून गाडी नेताना ते आठवत नाहीत.

गाडी रुतल्यावर काय करता हेही विचारून घ्या. बऱ्याच ग्रुपमध्ये फांद्या मोडून चाकाखाली घालतात. त्याची काही गरज नसते. चाकं गरगर फिरवायची नाहीत, फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढायची, हवा अजून थोडी कमी करायची, चाकाखाली सँड ट्रॅक, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या पट्ट्या, सरकवायच्या. दहा वेळा सांगून झालं असलं तरी सांगते: दोर टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीच बांधायचा नाही, तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. बांधायचा तो कंपनीने दिलेल्या हुकाला, आणि ओढत असताना बाकी सगळ्यांनी, विशेषतः मुलांनी, दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं राहायचं.

हे सगळं बोलून झाल्यावर मागणी एकच ठेवा, ती म्हणजे लिवाच्या सहलीची आखणी वेगळी करण्याची. बारा गाड्यांचे दोन गट करावेत, प्रत्येकाला पुढे एक अनुभवी आणि शेवटी एक अनुभवी. सपाट भागात सगळ्यांनी आधीच्या मागावरूनच जायचं, पसरायचं नाही. बारा गाड्या एकामागोमाग गेल्या तर एकच वाट पडते, शेजारी शेजारी गेल्या तर बारा वाटा पडतात. शेवटची गाडी तुमच्या नवऱ्याने मागून घ्यावी. शेवटच्या गाडीचं काम जबाबदारीचं असतं, मुक्काम सोडताना जागा पाहून निघणं त्याच्याकडेच येतं, आणि जो माणूस मागे राहून सगळ्यांचे माग बघतो त्याला ‘वारा पुसेल’ हे वाक्य फार दिवस म्हणता येत नाही.

रस्ता ठरवताना कुणाच्या जुन्या जीपीएस ट्रॅकवर डोळे मिटून विसंबू नका. तुमच्या शारजातच बघा. फॉसिल रॉक या डोंगराभोवती पूर्वी सगळे मोकळेपणी फिरायचे. आता तिथे म्लेहा राष्ट्रीय उद्यान झालंय, आणि शेजारचा फायाचा परिसर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, माणसाच्या दोन लाख वर्षांच्या वावराच्या खुणा तिथे सापडल्यात म्हणून. दुबईच्या संरक्षित वाळवंटाचं क्षेत्र २२५ चौरस किलोमीटर आहे आणि ते कुंपणाच्या आत आहे. पण अल मरमूमसारख्या राखीव क्षेत्राला सगळीकडे कुंपण नाही. कुंपण नाही म्हणजे परवानगी आहे असं धरू नका, आधी नकाशावर हद्दी बघा.

लिवाला गेलात तर टेकड्यांचा आनंद मनसोक्त घ्या. तल मोरीब ही तिथली टेकडी जवळजवळ ३०० मीटर उंच आहे, नुसतं पायथ्याशी उभं राहिलं तरी छाती दडपते. तिथल्या दोन टेकड्यांमधल्या सबख्यांना मात्र जपा. वरून पांढरी, कडक दिसते, खाली चिखल असतो. पाऊस झालेला असेल तर तिकडे वळूच नका. रुतलेली गाडी निघता निघत नाही आणि पडलेले खड्डे लवकर बुजत नाहीत. पाऊस चांगला झाला असेल तर वाळूवर हिरवी साय धरल्यासारखं बारीक गवत उगवलेलं दिसेल. कित्येक वर्षं वाळूत पडून राहिलेलं ते बी असतं आणि त्याला फुलून पुन्हा बी धरायला जेमतेम काही आठवडे मिळतात. तिथून वळसा घ्या.

वाटेत एखादी इज्बा, म्हणजे उंटांचा गोठा, लागली तर गाड्या अगदी हळू न्या. तिथे राखणीला असलेला माणूस पाकिस्तानातला, बांगलादेशातला नाहीतर सुदानमधला असतो, घरापासून आपल्याइतकाच लांब, आणि बहुतेक वेळा एकटा. गाड्या भरधाव गेल्या की उंट पांगतात आणि ते गोळा करण्यात त्याची संध्याकाळ जाते. थांबून सलाम करावा, पाण्याच्या बाटल्या आणि थोडी फळं द्यावीत. पुढे वाळू कशी आहे हे तो जितकं नेमकं सांगेल तितकं कोणताही नकाशा सांगत नाही.

दादांनी ऐकलं नाही तर? तर लिवाला जाऊ नका. त्यांनी तुम्हाला घर शोधून दिलं, मुलीला शाळा मिळवून दिली, त्याबद्दल आयुष्यभर त्यांचं ऋण माना, गणपतीला घरी बोलवा, त्यांच्या अडीअडचणीला सगळ्यांत आधी धावून जा. पण त्या ऋणाची फेड हरणांनी कशाला करायची? ग्रुपमध्ये तुमच्यासारखं वाटणारी आणखी दोन-तीन घरं नक्की असतील, गप्प आहेत एवढंच. तीन-चार गाड्यांचा छोटा गट पुरेसा असतो. फक्त एकटी गाडी घेऊन कधी जाऊ नका, जवळचं ठिकाण असलं तरी. माझा अंदाज विचाराल तर दादा ऐकतील. परक्या गावात नवख्या माणसांना घर मिळवून देणारा माणूस मुळात निष्ठुर नसतो. त्याला आजवर कोणी थांबवलेलं नसतं.

राहता राहिला मुलीचा प्रश्न. तिला खरं सांगा: हरणं घाबरून लांब गेली असतील, कदाचित त्यांच्या ओळखीच्या चरण्याच्या जागेपासूनही लांब, आणि आपण पुन्हा असं होऊ देणार नाही. मुक्कामाला गेलात तर सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आत तिला बूट घालून तंबूबाहेर न्या. रात्रभरात वाळूवर बरंच काही उमटलेलं असतं. भुंग्याची दोन बाजूंनी ठिपके टाकत गेलेली रेघ, खोकडाची जवळजवळ एका ओळीत पडलेली पावलं, सापाच्या तिरक्या, एकमेकींपासून सुट्या रेघा. एक वही द्या आणि ते माग काढायला सांगा. पहिली गाडी कधी सुरू करायची हे त्या दिवशी तिने ठरवावं, आणि दादांनाही ते आधीच सांगून ठेवा.